बुडालेल्या नौकांचे स्मरण : जपानी आरमारी युद्धपटांतील शोक आणि त्याची मर्यादा

पर्ल हार्बरवरील हल्ल्याला एक वर्ष पूर्ण होत असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, जपानमधील तोहो या चित्रसंस्थेने काजिरो यामामोतो दिग्दर्शित ‘हावाइ-मारे ओकी काइसेन’ (हवाई व मलायाच्या समुद्रातील युद्ध) हा चित्रपट प्रदर्शित केला. नौदल मंत्रालयाच्या पाठबळाने निघालेला हा उघड प्रचारपट होता. त्यातील हल्ल्याची दृश्ये एइजी त्सुबुराया यांनी लघुप्रतिकृतींच्या साहाय्याने चित्रित केली होती. गुप्ततेच्या कारणास्तव नौदलाकडून पुरेशी माहिती मिळाली नाही आणि छापील छायाचित्रांवरून त्यांनी पर्ल हार्बरचे बंदर उभे केले, असे सांगितले जाते. पुढे अमेरिकी अधिकाऱ्यांना ही दृश्ये प्रत्यक्ष युद्धाची वाटली, अशी आख्यायिकाही आहे. आख्यायिकेची सत्यासत्यता बाजूला ठेवली तरी या चित्रफितीचा पुढील प्रवास मात्र निर्विवाद आहे. १९५३ मध्ये इशिरो होंडा यांनी अ‍ॅडमिरल इसोरोकु यामामोतो यांच्यावर ‘ताइहेइयो नो वाशी’ (प्रशांत महासागराचा गरुड) हा चित्रपट काढला तेव्हा १९४२ च्या प्रचारपटातील दृश्ये त्यात पुन्हा वापरली गेली. १९६० मध्ये शुए मात्सुबायाशी यांच्या ‘ताइहेइयो नो आराशी’ (प्रशांत महासागरावरील वादळ) या चित्रपटासाठी त्सुबुराया यांनी मिडवेच्या लढाईची नवी दृश्ये निर्माण केली. त्यांतील काही १९७६ च्या ‘मिडवे’ या अमेरिकी चित्रपटात, म्हणजे ज्या लढाईत जपानचा पराभव झाला तिच्या विजेत्यांच्या कथनात, जाऊन बसली.

एकच प्रतिमा विजयोत्सवात चालते, पराभवाच्या विलापात चालते आणि शत्रूच्या विजयगाथेतही चालते. याचा अर्थ, त्या प्रतिमेला स्वतःची अशी भावनिष्ठा नाही. पाण्याचा उसळणारा स्तंभ, कलंडणारा डोलारा आणि आकाशातून सूर मारणारी विमाने ही सारी चिन्हे कोणत्या संहितेत येतात यावरच त्यांचा अर्थ ठरतो. त्यामुळे जपानी आरमारी युद्धपटाची चर्चा दृश्यांच्या वास्तवतेपाशी थांबून भागत नाही. एकाच प्रतिमासंचयाभोवती १९४२ मध्ये वीररसाची आणि १९५३ नंतर करुणरसाची मांडणी कशी झाली, आणि या रसांतरात इतिहासाचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

रसांतराचा पाया चित्रपटाने नव्हे, एका साहित्यकृतीने घातला. मित्सुरु योशिदा हे तोक्योच्या विद्यापीठातून नौदलात गेलेले तरुण अधिकारी ६ एप्रिल १९४५ रोजी ‘यामातो’ या युद्धनौकेवरून ओकिनावाच्या दिशेने निघाले. या मोहिमेतून परत येण्याची अपेक्षा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी अमेरिकी विमानांनी यामातो बुडवली. तिच्यावरील तीन हजारांहून अधिक नौसैनिकांपैकी तीनशेही वाचले नाहीत. वाचलेल्यांपैकी योशिदा यांनी लिहिलेला वृत्तान्त १९४६ मध्ये मासिकात यावयाचा होता, परंतु ताबेदारीच्या काळातील अमेरिकी अभ्यवेक्षणाने तो अडवला. पूर्ण रूपात तो प्रसिद्ध होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. विशेष म्हणजे हा वृत्तान्त त्यांनी बोलभाषेत लिहिला नाही. तो जुन्या ग्रांथिक जपानीत, कोरीव लेखासारख्या तुटक, घट्ट वाक्यांत लिहिलेला आहे. शैलीच्या या निवडीतच पुढील अर्धशतकाचा संकेत दडलेला आहे. समकालीन घटना प्राचीन भाषेत सांगितली की तिच्यावर आपोआप दंतकथेची साय धरते.

तरीही योशिदा यांची संहिता तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांपेक्षा अधिक खडबडीत, म्हणून अधिक प्रामाणिक आहे. तीत तरुण अधिकारी आपल्या मरणाच्या अर्थाविषयी वाद घालतात, आणि उसुबुची नावाचा लेफ्टनंट पराभवातूनच देशाला जाग येईल अशा आशयाचा विचार मांडून तो वाद मिटवतो. पाण्यात तरंगणाऱ्या माणसांनी बचावनौकेचा काठ धरला तेव्हा त्यांचे हात तलवारीने छाटले गेले, असाही एक उल्लेख तीत येतो. बचावकार्यातील अधिकाऱ्यांच्या बाजूने त्याला पुढे ठाम आक्षेप घेतला गेला. तो उल्लेख खरा की खोटा, हा इतिहासकारांचा प्रश्न. साहित्यदृष्ट्या महत्त्वाचे हे की, या संहितेत समुद्र अजून पवित्र झालेला नाही. त्यात माणसे माणसांशी वाईट वागू शकतात.

१९५३ मध्ये युताका आबे यांनी या वृत्तान्तावर ‘सेनकान यामातो’ काढला आणि आरमारी करुणपटाचा साचा तयार झाला. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे शोक या स्थायीभावाचे आलंबन बदलते. व्यक्ती मरतात, परंतु प्रेक्षकाचा शोक एकवटतो तो नौकेवर. तिचा कलणारा देह हाच दृश्याचा केंद्रबिंदू असतो आणि तिच्यावरची माणसे जणू त्या शोकाचे अनुभाव ठरतात. याला एक तांत्रिक कारणही आहे. लघुप्रतिकृती लांबून आणि उंचावरून चित्रित करावी लागते. त्या अंतरावरून माणूस दिसत नाही. ज्या माध्यमात नौका भव्य दिसते त्याच माध्यमात खलाशी अदृश्य होतो, आणि ही अदृश्यता संपूर्ण परंपरेला सोयीची ठरली.

भरताने करुण आणि विप्रलंभ यांच्यात निरपेक्ष व सापेक्ष असा भेद केला आहे. करुणात पुनर्भेटीची आशा संपलेली असते, विप्रलंभात ती शिल्लक असते. या कसोटीवर यामातोचा शोक शुद्ध करुण नाही, असे दिसून येईल. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उचू सेनकान यामातो’ या चित्रमालिकेत हीच नौका २१९९ साली अंतराळयान होऊन पृथ्वीच्या रक्षणासाठी उड्डाण करते. पोरांसाठी काढलेली मालिका म्हणून हे हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. गेलेली नौका परत येईल, आणि या वेळी तिची बाजू निर्विवादपणे न्यायाची असेल, ही सामूहिक इच्छा एवढ्या निःसंकोचपणे दुसरीकडे कोठे प्रकट झालेली नाही.

या परंपरेतील सर्वाधिक अर्थगर्भ दृश्य मात्र यामातोचे नाही. मात्सुबायाशी यांच्या १९६० च्या चित्रपटात मिडवेच्या लढाईत अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका बुडतात. हिर्यूवरील अ‍ॅडमिरल यामागुची (भूमिका तोशिरो मिफुने यांची) आणि कप्तान काकु नौकेबरोबर जलसमाधी घेतात. पराभवाची वार्ता जनतेपासून दडवली गेली, वाचलेल्यांना एकांतात ठेवले गेले, हे चित्रपट लपवत नाही, आणि त्याच्या निर्मितीचा काळ पाहता ही गोष्ट थोडी नव्हे. परंतु शेवटी कॅमेरा समुद्रतळाशी जातो. तेथे बुडालेल्या हिर्यूच्या सुकाणूकक्षात ते दोघे मृत अधिकारी शांतपणे बोलत असतात. आपल्या या थडग्यासारखी आणखी थडगी आता होत जातील, असा त्या बोलण्याचा भाव आहे. मात्सुबायाशी बौद्ध मंदिराच्या परंपरेत वाढलेले आणि स्वतः नौदलात काम केलेले दिग्दर्शक होते. वीररसाच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला त्यांनी अखेरीस शांतरसाच्या उंबरठ्यावर आणून सोडले. व्यापारी चित्रपटाच्या चौकटीत एवढे साधणे ही सामान्य कामगिरी नाही.

आणि तरीही नेमक्या याच दृश्यापाशी समीक्षकाला थबकावे लागते. समुद्रतळावर बोलणारे दोघेही अधिकारी आहेत, दोघेही जपानी आहेत. या महासागराच्या तळाशी आणखी कोणी बोलत असेल काय, हा प्रश्न चित्रपटाच्या कल्पनेच्या कक्षेत येत नाही.

हा प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एकाच नौकेचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल. मिडवेच्या कथनपरंपरेत ‘तोने’ या क्रूझरला एक ठरावीक स्थान आहे. तिचे चौथ्या क्रमांकाचे टेहळणी विमान सुमारे अर्धा तास उशिरा उडाले, त्यामुळे अमेरिकी ताफा वेळेत सापडला नाही आणि सर्वनाश ओढवला, ही कथा मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया यांच्या १९५१ च्या ग्रंथापासून रूढ झाली. चित्रपटांना ती विलक्षण मानवली, कारण तिच्यात शोकांतिकेला लागणारी ‘नियतीची चूक’ आयती मिळते. जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी २००५ मध्ये ‘शॅटर्ड स्वोर्ड’ या ग्रंथात ही मांडणी मुळातून तपासली. उशिरा निघालेल्या आणि नेमलेल्या मार्गावरून ढळलेल्या त्या विमानाला अमेरिकी नौका उलट योगायोगानेच सापडल्या, आणि ‘आणखी पाच मिनिटे मिळती तर’ हा फुचिदांचा विलाप पुराव्यावर टिकत नाही, असे त्यांनी दाखवले. पराभवाची कारणे नौदलाच्या नियोजनात आणि विचारपद्धतीत होती. नियती हे त्या कारणांवर टाकलेले पांघरूण होते.

हीच तोने मार्च १९४४ मध्ये हिंदी महासागरात होती. तिने ‘बेहार’ हे ब्रिटिश व्यापारी जहाज बुडवले आणि वाचलेल्या शंभरावर लोकांना पाण्यातून वर घेतले. त्यांत ब्रिटिशांबरोबर भारतीय खलाशीही होते. काही कैदी बटाव्हियात उतरवण्यात आले. उरलेल्या साठांहून अधिक लोकांना त्याच महिन्यात एका रात्री नौकेवरच ठार करून समुद्रात टाकण्यात आले. युद्धानंतर हाँगकाँग येथे खटला चालला. मोहिमेचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल साकोंजू यांना १९४८ मध्ये फाशी झाली आणि तोनेचे कप्तान मायुझुमी यांना सात वर्षांची शिक्षा झाली. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश जहाजांवर चाकरीला जाणाऱ्या खलाशांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घटनेचे परकेपण वाटणार नाही. अंदमान बेटे मार्च १९४२ पासून जपानी नौदलाच्या ताब्यात होती आणि तेथे ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंज येथे हेरगिरीच्या संशयावरून चव्वेचाळीस भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या, हेही येथे आठवावयास हवे.

येथे ज्या चित्रपटांची चर्चा चालली आहे त्यांत तोनेचे विमान येते. बेहारचे खलाशी येत नाहीत. चित्रपटाने इतिहासाची यादी पुरी करावी अशी अपेक्षा नाही. मुद्दा रूपबंधाचा आहे. साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार रसानुभवात ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ ही बंधने गळून पडावयास हवीत. आरमारी करुणपटात उलट घडते. शोक सर्वव्यापी होतो, इतका की कोणी कोणाला का मारले हे विचारणे औचित्यभंगाचे वाटू लागते. परंतु ज्यांच्यासाठी शोक करावयाचा ती माणसे मात्र ‘माझी’च राहतात. बंधन गळते ते उत्तरदायित्वाचे. आपपराचे तसेच राहते.

जमिनीवरील युद्धाच्या चित्रपटांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. मासाकी कोबायाशी यांची ‘निंगेन नो जोकेन’ ही त्रयी (१९५९ ते १९६१), कोन इचिकावा यांचा ‘नोबी’ (१९५९), किंजी फुकासाकु यांचा ‘गुंकी हातामेकु मोतो नी’ (१९७२), काझुओ हारा यांचा १९८७ चा अनुबोधपट ‘युकी युकिते शिनगुन’ या कृतींत चिनी मजूर आहेत, भुकेने नरभक्षणापर्यंत पोचलेले सैनिक आहेत, आपल्याच शिपायांना गोळ्या घालणारे अधिकारी आहेत. सैनिक चिखलातून चालतो तेव्हा त्याला गावे लागतात आणि गावांत माणसे असतात. समुद्रावर गाव लागत नाही. शत्रू क्षितिजावर किंवा आकाशात असतो आणि पाणी पुरावा ठेवत नाही. आरमारी युद्धपटाने समुद्राच्या या निसर्गदत्त रिकामेपणाचे नैतिक निरागसतेत रूपांतर केले.

या निरागसतेला एका विचारप्रणालीचा आधारही मिळाला. भूदल उद्धट आणि युद्धखोर, नौदल मात्र जग पाहिलेले, सुसंस्कृत आणि अनिच्छेने युद्धात ओढले गेलेले, ही ती समजूत. तिचा नायक अर्थातच यामामोतो. जर्मनी व इटलीशी करण्याच्या त्रिपक्षीय कराराला त्यांचा विरोध होता, अमेरिकेच्या औद्योगिक बळाची त्यांना कल्पना होती, हे ऐतिहासिक सत्य आहे. स्वतः नौदलात अधिकारी राहिलेले कादंबरीकार हिरोयुकी आगावा यांनी १९६५ च्या चरित्रातून ही प्रतिमा स्थिर केली. तोशिरो मिफुने यांनी १९६८ च्या सेइजी मारुयामा यांच्या चित्रपटात ती साकारली आणि पुढे अमेरिकी ‘मिडवे’मध्येही यामामोतो म्हणून तेच दिसले. २०११ मध्ये इझुरु नारुशिमा यांच्या चित्रपटात कोजी याकुशो यांनी ती अधिक घरगुती, अधिक सौम्य केली. युद्धाला विरोध करणारा मनुष्यच पर्ल हार्बरच्या हल्ल्याची योजना आखतो, हा विरोधाभास खऱ्या शोकांतिकेचे बीज आहे. परंतु चित्रपट त्या बीजाला पाणी घालत नाहीत. ते विरोधाभासाकडे सहानुभूतीने पाहतात आणि पुढे सरकतात. ज्याला परिणाम दिसत होता त्याने योजना का आखली, हा प्रश्न व्यक्तिमत्त्वाच्या मोहकतेत विरघळून जातो.

याच संदर्भात एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. १९८० ते १९९१ या काळात जपानी नौदलाचे माजी अधिकारी बंद दाराआड नियमितपणे एकत्र जमत आणि युद्ध का सुरू झाले, आत्मघातकी हल्ल्यांचा निर्णय कसा झाला, याची चर्चा करीत. या बैठकांचे सुमारे चारशे तासांचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्यावर आधारित कार्यक्रम एनएचकेने २००९ मध्ये प्रसारित केले. वरिष्ठ अधिकारी खाजगीत आपल्या संघटनेच्या अपयशाची उलटतपासणी करीत होते त्याच सुमारास, १९८१ मध्ये, चित्रपटगृहांत मात्सुबायाशी यांचाच ‘रेंगो कानताइ’ चालला होता. त्यात बाप यामातोवर आहे, मुलगा आत्मघातकी पथकात. प्रेक्षक त्या बापलेकांसाठी रडत होते. मुलाला विमानात बसवणारा आदेश कोणत्या टेबलावर लिहिला गेला, याची चर्चा ध्वनिफितींत बंदिस्त होती. १९६० मध्ये समुद्रतळाशी गेलेला दिग्दर्शक वीस वर्षांनी अश्रूंच्या पृष्ठभागावर परतला, असे म्हटल्यास ते कठोर ठरेल, पण अन्यायाचे ठरणार नाही.

साच्यातून निसटणाऱ्या जागा अर्थातच आहेत, आणि त्या बहुधा वयाच्या प्रश्नापाशी सापडतात. तादाशी इमाई या डाव्या विचारांच्या दिग्दर्शकाने १९७२ मध्ये ‘काइगुन तोकुबेत्सु नेनशोहेइ’ या चित्रपटात चौदा-पंधरा वर्षांच्या नौसैनिक पोरांची कथा सांगितली. ही पोरे इवो जिमावर मरतात. येथे नौका जवळजवळ नाहीच. तिच्या अभावी शोकाला माणसांकडे वळावे लागते आणि मुलांना कोणी, काय शिकवून तेथे पाठवले हा प्रश्न टाळता येत नाही. जुन्या सातो यांच्या २००५ च्या ‘ओतोकोताची नो यामातो’मध्येही असाच एक प्रसंग आहे. या चित्रपटासाठी ओनोमिची येथे यामातोचा सुमारे १९० मीटर लांबीचा भाग प्रत्यक्ष आकारात उभारला गेला आणि तो पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. त्याच वर्षी कुरे येथे यामातोची एकदशांश प्रतिकृती असलेले संग्रहालय उघडले. परंतु चित्रपटाचे मोल या लाकूडलोखंडात नाही. वाचलेला पोरगा आपल्या मृत मित्राच्या आईकडे जातो. ती भातखाचरात लावणी करीत असते. तू एकटाच कसा परत आलास, असे ती त्याला फटकारते. तो काही न बोलता चिखलात उतरून रोपे लावू लागतो, आणि नंतर ती त्याच्यासाठी भाताचे गोळे घेऊन येते व त्याची क्षमा मागते. येथे नौका दृष्टीआड झालेली आहे, आणि समुद्रही. जगण्याची लाज हा भाव प्रथमच जमिनीवर, दोन माणसांमध्ये, समोरासमोर उभा राहतो. चित्रपटाच्या इतर दोन तासांतील तोफांना हे साधलेले नाही.

या परंपरेचे रहस्य उघड बोलून दाखवण्याचे धाडस ताकाशी यामाझाकी यांनी २०१९ च्या ‘आर्किमिडीझ नो ताइसेन’मध्ये केले. चित्रपट यामातोच्या बुडण्यानेच सुरू होतो. पाडल्या गेलेल्या एका अमेरिकी वैमानिकाला उचलण्यासाठी भर लढाईत विमान पाण्यावर उतरते आणि यामातोवरील नौसैनिक ते थक्क होऊन पाहत राहतात. एका जिवाची किंमत येथे एका दृष्टिक्षेपात मोजली जाते. कथा मग १९३३ मध्ये जाते. प्रचंड युद्धनौकेचा अंदाजपत्रकी खोटेपणा सिद्ध करणाऱ्या तरुण गणितज्ञाला तिचा आरेखक अखेरीस सांगतो की, युद्ध होणार आणि देश हरणार हे आपल्याला दिसते आहे. म्हणून राष्ट्राचे प्रतीक होईल अशी नौका बांधावयाची, म्हणजे ती बुडाल्यावर देशाला आपला पराभव मान्य करता येईल. १९५३ पासून आरमारी करुणपट नौकेकडून जे काम करवून घेत आला होता, त्याचे हे निःसंदिग्ध निवेदन आहे. परंतु हेतू भूतकाळात मागे ढकलल्यामुळे एक भयंकर गोष्ट घडते. शोक आधी ठरतो आणि मरणारे नंतर भरले जातात. तीन हजार माणसे एका पूर्वनियोजित विधीची सामग्री होतात. नायक हे ऐकून विरघळतो. दिग्दर्शकाला हा युक्तिवाद मोहक वाटतो की घृणास्पद, हे चित्रपट निश्चित होऊ देत नाही, आणि ही अनिश्चितता कलात्मक संदिग्धतेपेक्षा बचावाची भिंत अधिक वाटते.

चार वर्षांनी यामाझाकी यांनीच ‘गोजिरा मायनस वन’मध्ये या युक्तिवादाला उत्तर दिले असे मानता येईल. गोजिराचे मूळ याच परंपरेत आहे, हे विसरता कामा नये. १९५४ चा पहिला ‘गोजिरा’ होंडा आणि त्सुबुराया यांनी प्रशांत महासागराच्या गरुडानंतर एकाच वर्षात केला. २०२३ च्या चित्रपटात सेवामुक्त झालेले नौसैनिक सरकारच्या आधाराशिवाय, कोणावरही सक्ती न करता, गोजिराला सागामीच्या उपसागरात बुडवण्याची योजना आखतात. या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त मानला, असे त्यांतील एक अभियंता स्पष्टपणे म्हणतो. मोहिमेत ‘युकिकाझे’ ही विनाशिका आहे. खरी युकिकाझे १९४५ मध्ये यामातोच्या सोबत निघालेली, वाचलेली आणि १९४७ मध्ये युद्धभरपाई म्हणून चीनला दिलेली. आत्मघातकी पथकातून निसटलेला नायक या वेळी विमानातून उडी मारून जिवंत राहतो. तेच युद्ध पुन्हा एकदा, योग्य रीतीने, लढले जाते.

फक्त शत्रूच्या जागी आता राक्षस आहे. त्याला देश नाही, भाषा नाही, साक्षीपुरावा नाही, आणि त्याच्या बाजूने कोणी खटला चालवू शकत नाही. चित्रपटाच्या शेवटी गोजिराचा छिन्न देह हळूहळू खाली जाऊ लागतो तेव्हा नौकांच्या डेकवर उभे असलेले नौसैनिक नकळत हात उंचावून त्याला नौदलाची मानवंदना देतात. समुद्रात जाणाऱ्या परक्या देहाला दिलेली ही मानवंदना हृदयस्पर्शी आहे. मार्च १९४४ च्या त्या रात्री तोनेवरून समुद्रात टाकलेल्या देहांसाठी मात्र या चित्रपरंपरेत अजून कोणाचा हात वर गेलेला नाही.